हनीफभाईंच्या आवाजातला डिंक

मी एक जुना डिंक आहे, मित्रांनो. बाभळीचा नव्हे, कारखान्यातला. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात माझ्या जातीला बहुवारिक म्हणतात. बॅटरीतल्या पट्टीवर काळी पूड असते, ती धरून ठेवणं एवढंच माझं काम. वीज साठवते म्हणून नाव त्या पुडीचं होतं. माझं नाव कुणी घेत नाही, आणि त्याचा मला थोडा रागही आहे.

त्या पट्ट्या जळजळीत खारात बुडालेल्या असतात. तुमच्या बोटाला लागला तर कातडी सोलून काढेल असा तो खार. थंडाव्यात मी त्याला वर्षानुवर्षं दाद देत नाही. ऊब मिळाली की मात्र तो मला कुरतडू लागतो.

माझी बॅटरी जुन्नरच्या महंमद हनीफ यांच्या यंत्रात होती. ते नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा लिलाव पुकारत. आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हापासून टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला टेकवून ते बोलत. आवाज घरघरता, पण त्यांचा स्वतःचा. त्या आवाजात त्यांनी पुन्हा लिलाव पुकारले, व्यापाऱ्यांची टर उडवली. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग पावसाळा आला. त्यांच्या पत्नी जन्नतबी मीठ, काडेपेटी, पापड असं सगळं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवत. तिथंच त्या यंत्राच्या दोन्ही बॅटऱ्या ठेवू लागल्या. "समदंच सादळतंय," त्या म्हणाल्या, "हितं कोरडं ऱ्हाईल." माया होती ती. मी मात्र रोज थोडा थोडा भाजत होतो.

मी तपकिरी पडलो, ठिसूळ झालो, हातातली पूड सुटू लागली. दिवसभर चालणारी बॅटरी दुपारीच मान टाकू लागली. हनीफभाईंनी चार्जरला दोष दिला आणि नवा आणला.

अशात त्यांच्या एकुलत्या लेकीचा, रुमानाचा निकाह ठरला. साक्षीदारांसमोर तिची संमती आपणच विचारायची, असा हनीफभाईंचा हट्ट होता. त्यांचा धाकटा भाऊ "मी विचारतो" म्हणाला, तर ते त्याच्यावर रुसले. आठवडाभर आरशासमोर बसून त्यांनी तो प्रश्न घोकला.

त्या दिवशी ते लेकीसमोर बसले. "रुमाना बेटा..." एवढं उमटलं आणि यंत्र बंद पडलं. दुसरी बॅटरी घातली, तीही गेलेली. नुसते ओठ हलत राहिले. साक्षीदारांना तर ऐकू जायला हवं होतं. शेवटी भावानेच विचारलं. "कबूल हाय," रुमाना म्हणाली, पण ती पाहत होती अब्बांकडेच. मला फार शरम वाटली.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाला कुंडलिक नवी बॅटरी घेऊन आला. जुनी कुठं ठेवत होता, असं त्याने विचारलं. जन्नतबींनी कोनाडा दाखवला.

"ऊब लागून आतनं सुटलंय, भाभी," तो हळूच म्हणाला. जन्नतबींनी कोनाड्याच्या ऊन भिंतीवर हात ठेवून पाहिला.

तो गेल्यावर हनीफभाई रुमानाच्या रिकाम्या खोलीत गेले. यंत्र गळ्याला लावून त्यांनी अख्खा प्रश्न विचारला, "रुमाना बेटा, तुला ह्यो निकाह कबूल हाय का?" आवाज तोच घरघरता, पण कुठेही तुटला नाही.

मित्रांनो, माया कमी पडली म्हणून मी मेलो नाही. ज्याला जपता त्याला काय मानवतं, तेवढं वेळेवर विचारत जा. नव्या बॅटरीतही माझ्यासारखाच एक डिंक आहे. त्याला चुलीपासून लांब ठेवा. हनीफभाईंना अजून पुष्कळ बोलायचं आहे.