ओठांवरचा सोमवार

१९८० साली आमची लेक रुखमा टायफॉइडमधून उठली, तेव्हा मी महादेवाला बोलले होते, पाच श्रावण, दर सोमवारी, दिवस बुडेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. १९८४ च्या श्रावणातला शेवटचा सोमवार हा त्या व्रताचाही शेवटचा दिवस होता. आणि नेमकं त्याच दुपारी वरठीला कविसंमेलन ठरलं.

ठरवणारे हिरालालजी. वरठी स्टेशनावर तिकिटं द्यायचे आणि नव्या लिहिणाऱ्यांचा एक सायक्लोस्टाइल अंक काढायचे. त्यात चिखल्याचे खाणकामगार लिहीत, मोहाडीचा एक विणकर लिही, शाळेतल्या पोरी लिहीत. माझी कविता यांनीच, म्हणजे आमच्या यादोरावांनी, मला न विचारता पोस्टात टाकली होती. श्रावण सोमवारी शाळा अर्धा दिवस सुटते, वर्ग रिकामे मिळतात, म्हणून हिरालालजींनी तो वार धरला. सोमवार आहे म्हणूनच शाळा मोकळी, आणि सोमवार आहे म्हणूनच माझं तोंड बंद.

"कायले घोर करतेस?" हे म्हणाले. "संमेलनं रातच्यालेच रंगतात. तुई पाळी येईपर्यंत दिवस बुडते."

मीही तसंच धरून चालले. कारण ती कविता मला स्वतःच्या तोंडाने म्हणायची होती. कोणी वाहवा म्हणावं म्हणून नाही. मागल्या श्रावणात, अशाच एका सोमवारी, माझी माय आंधळगावला आमच्या घरी आली होती. ओच्यात बांबूचे कोवळे वास्ते घेऊन. उंबऱ्यातच तिने विचारलं, "कशी आहेस वं बाई?" मी नुसती मान हलवली. ती हसली. "माया जावयाचं नशीब फळफळलं म्हनायचं." चार वाजता तिची गाडी होती. मला वाटलं, पुढल्या खेपेला पोटभर बोलू. कार्तिकात ती गेली.

कविता एवढीच, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली:

तू उंबऱ्यात इचारलं, कशी आहेस वं बाई,
माया ओठावर सोमवार होता.
गाडी गेली तुई, धूळ बसली,
सोमवार काई उतरला नाई.

सकाळी महादेवाला बेल वाहिला, उपासाचं डब्यात भरलं आणि आम्ही एसटीने निघालो. वर्गात पोचल्याबरोबर मी हिरालालजींपुढे चिठ्ठी धरली, माझा नंबर दिवस बुडाल्यावर घ्यावा.

त्यांनी चिठ्ठी वाचून डोक्याला हात लावला. "बाई, शिपाई पाचाले कुलूप लावते जी! त्याचाबी सोमवार हाये, त्याले घरी जाऊन सोडाचा हाये."

"मंग पुढं कसं?" हे म्हणाले.

"तुमी वाचा, यादोरावजी."

"म्या वाचलं तं लोक म्हनतीन, कविता नाई, बजारात वरडून भात इकाले आला. पन बाई पाच वर्सं झाले श्रावनात सोमवारी चूप रायते, मी तं म्हनतो सातही वार सोमवार पायजेत."

सगळे हसले. मीही हसले, पण कागद काही हातातून सोडला नाही.

पावणेपाचला हिरालालजींनी नाव पुकारलं, "आंधळगावच्या धुरपताबाई." मी उभी राहिले. समोर पस्तीस-चाळीस माणसं, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर घेऊन बसलेली. चारच ओळी होत्या. ओठ उघडले असते तर कोणी मला अडवलं नसतं. माय दारात उभी असल्यासारखी वाटली. मग रुखमाचं तापलेलं कपाळ आठवलं. मी कागद पुढे धरला.

चिखल्याच्या खाणीतले टेकचंद उठले, कागद घेतला. धुळीने बसलेला आवाज. तिसऱ्या ओळीवर ते थांबले, खाकरले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

कागद परत देताना ते हळूच म्हणाले, "मी खाली खानीत उतराच्या आंधी माई माय रोज इचारे, येशील नं रे? म्या कदी जवाब नाई देला. वाटे, काय रोज रोज."

मी हात जोडले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कविता सगळ्यांच्या कानी गेली होती, आणि माझा जवाब माझ्याजवळच राहिला होता.

सहाच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. आभाळ भरलेलं, सूर्य कुठे दिसेना. हे सारखं मनगट बघत होते. पंचांगात सूर्यास्त सहा पस्तीसचा लिहिला होता.

"झालं," हे म्हणाले. "बोल आता."

आधी महादेवाचं नाव घेतलं. मग कागद काढला, पण उजेड पुरेना. कागद तसा लागलाही नसता. बाहेर तोच रस्ता होता, मायची गाडी गेली तो. खिडकीच्या गजांना तोंड लावून मी म्हणाले, "बरी आहो, माय."

एसटी एवढी खडखडत होती की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हनलं?" यांनी कान जवळ आणला.

मी पुन्हा म्हणाले. या खेपेला एवढ्या मोठ्याने की पुढच्या बाकावरची बाई मागे वळून बघू लागली.