पाहणीआधीचा गिलावा

"अहो, ठेवा ती थापी खाली! त्यांना भेग दाखवायचीय, बुजवायची नाही!" मिस्त्रीणबाई मोरीच्या दारातूनच ओरडल्या.

पण तोवर मिस्त्रींचा शेवटचा हात फिरूनही झाला होता. मागच्या खोलीची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत लोण्यासारखी गुळगुळीत दिसत होती.

"परका माणूस घरात येणार आणि फाटकी भिंत बघणार? वैद्याचंच पोर खोकतंय म्हणतील."

"विमावाले येतायत, सोयरीक जुळवायला नाही! आजारी माणसाला पावडर लावून डॉक्टरपुढे बसवतं का कोणी?"

मिस्त्री ओशाळले. जन्म गिलाव्यात गेलेला. लोकांच्या भिंती आरशासारख्या करून द्यायच्या, तर स्वतःच्या घरातली भेग डोळ्यांत कुसळासारखी सलणारच. ही तर साधी भेगही नव्हती. मोरीखालचा सांडपाण्याचा नळ फुटला होता आणि त्या घाण पाण्याने पायाखालची माती खाऊन टाकली होती. मागच्या खोलीचा कोपरा खाली बसला, दार चौकटीत बसेना. विम्याची अट मात्र सरळ होती: नळ अचानक फुटून पाया खचला तर भरपाई, जमीन आपसूक हळूहळू बसली तर काही नाही. भरपाई मिळाली तर पाया नव्याने भरता येणार होता. नाहीतर अर्ध्या घराला रामराम.

पाहणीसाहेब आले ते तोंडात साखर घेऊनच. बूट चकचकीत, हातात घडी केलेला रुमाल.

"काका, भिंत तर झकास आहे की! भेग कुठाय?"

"ती... सकाळीच भरली मी."

"तुम्ही स्वतः?" साहेबांनी बोट फिरवून पाहिलं. "गिलावा अजून ओला आहे, तरी कुठे सांधा दिसत नाही. काय हात आहे हो तुमचा! आमच्याकडचे लोक नुसता चिखल फासतात."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. मागून बाई डोळ्यांनी खुणावत होत्या, पण कौतुक ऐकणाऱ्याला मागचं दिसत नाही.

"केसाएवढी भेग दिसली तरी मला झोप लागत नाही, साहेब."

"या घरातसुद्धा अशा भरल्या असतील."

"घर म्हटलं की कुठेतरी एखादी जायचीच. भरतो की!"

"वा," साहेब म्हणाले आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं. "पण मला आतलं बघायला हवं ना. उघडता का जरा?"

मिस्त्रींनी छिन्नी-हातोडा घेतला. आपल्याच हातचं ओलं काम फोडायचं जिवावर आलं, पण फोडलं. साहेब मागून फोटो काढत होते. ढपला पडला तसा आतून भपकारा आला, कुजलेल्या गटाराचा. साहेब रुमाल नाकाला लावून उंबऱ्याबाहेर सरकले. मिस्त्रींनी गुडघे टेकून फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा काळा राडा ठिबकत होता.

"खाली माती नाहीच, साहेब. पायाचे दगड नुसते लटकलेत. हात घालून बघा."

"दिसलं, दिसलं!" साहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच आणखी फोटो काढले. मग अंगणात खुर्ची टाकून चहा घेतला, चहालाही शाबासकी दिली. "काळजी सोडा, काका. माझ्या वडिलांचं घर समजून लिहितो."

वडिलांच्या घराचं काय केलं ते पुढच्या आठवड्यात आलेल्या पत्रातून कळलं. भरपाई नामंजूर. मालकाच्याच सांगण्यावरून या घराला नेहमी भेगा जातात, म्हणजे जमीन हळूहळू बसते आहे. आणि आत्ताची मोठी भेग? ती मालकाने हातोडा मारून पाडलेली. पुराव्याला फोटो जोडला होता: मिस्त्री, हातोडा उगारलेला, समोर भिंत.

"शी!" बाई म्हणाल्या. "शी, शी! आपल्या कपातून पिऊन गेला मेला!"

मिस्त्री जेवायला बसले होते. घासात झुरळ निघावं तसं झालं. ताट बाजूला सारलं. किळस त्या माणसाची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची. त्याने कौतुकाचा चमचा पुढे केला आणि आपण तान्ह्या पोरासारखा आ वासला!

काही दिवसांनी फोन वाजला.

"काका, ओळखलंत का? मी पाहणीवाला. निकालाचं फार वाईट वाटलं हो. वरचे लोक ऐकतच नाहीत." मग आवाज आणखी मऊ झाला. "एक घरचं काम होतं. आमच्या दिवाणखान्यात एक भेग गेलीय. म्हटलं, काकांसारखा हात दुसरा कुठे मिळणार?"

बाईंनी पलीकडचा आवाज ओळखला. "ठेवा तो फोन!"

मिस्त्रींनी हातानेच थांब म्हटलं.

"कुठून गेलीय?"

"जोत्यापासून वर, खिडकीकडे."

"नख जातं आत?"

"बोट जातं आता."

"वास येतो का?"

"सकाळी... येतो थोडा."

"मग भरू नका," मिस्त्री म्हणाले. "मी तर येणार नाहीच, पण दुसऱ्या कोणाकडूनही भरून घेऊ नका. आधी खालचा नळ बघा. आणि कोणी पाहणीला आलं, तर त्याच्यासमोर हातोडा उचलू नका."

फोन ठेवला तेव्हा बाईंचा संताप मावत नव्हता. "एवढं खरं सांगायचं काय नडलं होतं? द्यायची होती भरून, चांगली गुळगुळीत! कळलं असतं मग!"

"अगं, त्याच्याही घरात माणसं झोपत असतील."

"आणि आपण कुठे झोपायचं?"

मिस्त्रींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. कोपरा आणखी बोटभर खाली गेला होता. "धर तिकडून पलंग," ते म्हणाले.

दोघांनी तो तिरका करून, दारात आपटत, एकमेकांवर खेकसत स्वयंपाकघरात आणला. भिंतीला खेटवून ठेवला तरी पलंग आणि ओटा यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची वाट उरली. मागच्या खोलीचं दार बंद होत नव्हतं, म्हणून बाहेरून दोरीने बांधून टाकलं.

बाई अंग चोरून ओट्याशी गेल्या, शेगडी पेटवली, आधण ठेवलं. डबा काढायला वळायचं होतं, पण पलंगावर बसलेल्या मिस्त्रींचे पाय वाटेत; वळता येईना.

मिस्त्रींनी पलंगावर पाय वर घेतले आणि भिंतीकडे सरकून बसले.