लेकीच्या हातचं पाणी

मासा तडफडायला लागला, तशी सोप्यातली सगळी माणसं उठून उभी राहिली.

“बघा!” जलनाथ महाराजांनी माझ्या बरणीकडे बोट केलं. “नळ एकच, मासं एकाच दुकानातलं. पोरीनं भरलेल्या पाण्यात जीव टिकंना, आन् आमच्या पाण्यात बघा कसा खेळतोय!” आपल्या बरणीत त्यांनी बटव्यातले खडीसाखरेसारखे दोन खडे ‘प्रसाद’ म्हणून टाकले होते. “ज्या हातानं बापाला अग्नी दिला, त्या हाताला दोष लागलाय. आत्मा तहानलेला हाय.” आणि स्वतः बाटलीबंद पाण्याचा घोट घेतला.

“आगं बया,” शेजारच्या रंगुबाई काकू पुटपुटल्या.

माझे चुलते लालासाहेब उसळले, “मी म्हनत हुतो, माज्या पोराला अग्नी देऊ दे. पर ऐकतंय कोन?”

मी बाबांची एकुलती लेक. पलूसजवळच्या आमच्या गावात बापाला अग्नी देणारी पहिलीच. गावाचं बोलणं मी सोसलं असतं. पण महाराजांनी तडफडणारा मासा दाखवला त्या दिवसापासून आईनं माझ्या हातचं पाणी सोडलं. मी तांब्या पुढे केला की ती माझ्याकडे न बघता उठायची आणि स्वतः भरून घ्यायची.

फौजेतून आल्यावर बाबांनी मासे पाळले होते. दहाव्याला घर धुतलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे साठवणीचं सगळं पाणी ओतून दिलं. घागरी, रांजण, मोरीतल्या बाबांच्या दोन उघड्या बादल्या. माशांची टाकीसुद्धा. मीच ती घासली, मीच नळाच्या पाण्यानं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही मासे मरून तरंगत होते. म्हणून तर महाराज घरात शिरले.

मी सांगलीला माशांच्या दुकानात गेले. सगळं ऐकून दुकानदारानं विचारलं, “ताई, पाणी किती दिवस उघडं ठेवलं होतं?”

“उघडं ठेवायचं असतं?”

“नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंय. पावसाळ्यात तर टीसीएल पावडर जरा जास्तच टाकत्यात. मानसाला चालतंय, माशाचे कल्ले जळत्यात. बादली दोन दिवस उघडी ठेवा, न्हाईतर हे टाका.” त्यानं पुडी उघडली. खडीसाखरेसारखे खडे. “आन् सगळं पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला चौथाई, बास.”

बाबांच्या त्या बादल्या मी शिळं पाणी म्हणून मोरीत ओतल्या होत्या. बारा वर्षं रोज बघूनही त्या कशासाठी, हे त्यांना कधी विचारलं नव्हतं.

गुरुवारी महाराज पुन्हा आले. सोपा भरला.

“आज मासा नको, उगाच जीव जायला,” मी तीन पेले मांडले. “एक तुम्ही भरा, एक काका, एक मी. प्रसाद मात्र टाकायचा नाही.”

“देवाची परीक्षा बघतीस व्हय गं?”

“देवाची नाही. तुमची.”

काका मिशीला पीळ देत उठले. महाराजांनाही भरावाच लागला. दुकानातून आणलेल्या बाटलीतले थेंब मी तिन्ही पेल्यांत सोडले. क्लोरीन असलं की या थेंबांनी पाणी पिवळं होतं, हे आधीच सांगितलं होतं. तिन्ही पेले पिवळे झाले.

“लालासाब भावजी,” रंगुबाई काकू फिस्सकन हसल्या, “तुमी कुनाला अग्नी दिला हुता वो?”

सोपा हसला. मी चौथा पेला भरला, पुडीतले खडे विरघळवले, थेंब सोडले. पाणी नितळच राहिलं.

“हा प्रसाद सांगलीत दुकानात मिळतो. काढा महाराज तुमचा बटवा, दोन्ही खडे शेजारी ठेवू.”

महाराजांनी बटवा कमरेत खोचला. “कलियुग हाय,” म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

सगळे गेल्यावर आईनं विचारलं, “म्हंजी मासं तुज्याच हातानं मेलं?”

“हो, आई. मला ठाऊक नव्हतं म्हणून मेले. दोष लागला म्हणून नाही.”

“आन् ह्यांचा आत्मा?”

“ते मला ठाऊक नाही. त्या माणसालाही ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त तुझं रडणं बघितलं.”

आईनं तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “भर तांब्या.”

ती पाणी पीत असताना महाराज गेले त्या दाराकडे मी बघत राहिले.

उद्या तुमच्या गावात एखादी लेक बापाला अग्नी देईल आणि कुणीतरी तिच्या हाताकडे बोट दाखवेल. तेव्हा त्याच्याशी भांडू नका, त्याच्या पायाही पडू नका. त्याच नळाचं पाणी फक्त दुसऱ्या हातानं भरून बघा.