एल्वनचे डोके आणि मी

मित्रांनो, मी हेल्मेट आहे, आणि किती जुने आहे ते माझ्या कपाळावरचे ओरखडे पाहूनच तुम्हाला कळेल. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका लहानशा कॉलेजच्या फुटबॉल संघाचे मी. आमच्याकडचा फुटबॉल हातांनी खेळतात आणि त्यात माणसे धावत येऊन एकमेकांवर आदळतात, म्हणूनच माझा जन्म झाला. कारखान्यात मला उंचावरून लोखंडावर आपटून पाहिले. मी फुटले नाही. माझ्यावर पसंतीचा शिक्का बसला आणि मी अगदी हरखून गेले. माझ्या आत कोणाचे तरी डोके असणार आहे, याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

ते डोके एल्वन गिलोरीचे निघाले. एल्वन रिसीव्हर होता. म्हणजे जीव तोडून पुढे धावायचे आणि मागून फेकलेला चेंडू अधांतरी झेलायचा. पोरगा अंगाने काटकुळा, पण बुद्धी अशी की विचारू नका. संघाच्या साडेतीनशे चालींचे जाडजूड पुस्तक त्याने पहिल्याच उन्हाळ्यात तोंडपाठ केले होते. तरीही पहिले वर्ष तो बाकावर बसला आणि मी त्याच्या मांडीवर. दुसऱ्या वर्षीही अधूनमधून दोनचार मिनिटेच मिळाली. त्याची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती; तिला सगळे मिस वर्लीन म्हणत. मुलगा खेळणार नाही हे ठाऊक असूनही ती दोन तास गाडी चालवून प्रत्येक सामन्याला यायची. तिसऱ्या वर्षी मात्र एल्वनच्या जागेवरचा गडी दुसऱ्या कॉलेजात निघून गेला, आणि फळ्यावर एल्वनचे नाव सर्वांत वर लागले.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची परीक्षा घेतात. संगणकासमोर बसायचे, शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या. त्या गुणांचा कागद जपून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा, आणि गुण घसरले असतील तर खेळ बंद. त्या दिवशी एल्वन मला काखेत मारून निघाला, तेव्हा संघातला सर्वांत जुना रिसीव्हर कीनन त्याला दारातच भेटला.

"नीट सोडवू नकोस हां."

"का रे?"

"अरे येड्या, आज पैकीच्या पैकी मिळवलेस, तर ऑक्टोबरात एक टोला बसला की घरी बसशील. आज मठ्ठ हो, मग वर्षभर हुशार. आम्ही सगळे तेच करतो."

"आणि खरंच लागलं तर?"

"लागतं तर रोजच, भाऊ. तुला खेळायचंय की नाही ते बोल."

एल्वनला खेळायचे होते. साडेतीनशे चाली पाठ असलेल्या त्या पोराने बारा शब्दांपैकी तीन सांगितले. खेळाडूंची दुखणीखुपणी पाहणारा डेल खो खो हसला. "गिलोरी, माझ्या कुत्र्याला याहून जास्त आठवतं!" डेलला खरा प्रकार कळला नसेल, असे मला मुळीच वाटत नाही. पण कमी गुण त्याच्याही सोयीचे होते. त्या दिवसापासून एल्वनचे नाव 'तीनशब्द्या' पडले. तोही सर्वांबरोबर हसायचा. मला मात्र त्या नावाचा राग आला होता.

मग आमचे दिवस आले. सामन्यात कोणी मर्दुमकी गाजवली की कोच रॅडफोर्ड त्याच्या हेल्मेटवर एक लहानसा तारा चिकटवीत. पाच सामन्यांत माझ्यावर अकरा तारे लागले! लोक बोटे दाखवू लागले. व्यावसायिक संघांची माणसे खेळाडू हेरायला वह्या घेऊन येऊन बसू लागली. खोटे कशाला सांगू, मी चांगलेच शेफारले. तारे माझ्या अंगावर होते आणि टोले त्याच्या डोक्यात, हे मला उमजले नाही.

ऑक्टोबरात तो चेंडूसाठी उंच उडाला आणि समोरच्या गड्याचा खांदा आमच्यावर येऊन आदळला. मला साधी चीरही गेली नाही. पण डब्यातले दही हिंदकळावे तसे आत काहीतरी हिंदकळले, ते मला स्पष्ट जाणवले. एल्वन उठला आणि विरुद्ध संघाच्या बाकाकडे चालू लागला. प्रेक्षक पोट धरून हसले.

मंगळवारी पुन्हा परीक्षा झाली. या वेळी एल्वन अगदी मनापासून सोडवत होता. ओठ चावत, डोळे मिटून आठवत होता. बारापैकी पाच आले.

"अरे वा!" डेल ओरडला. "तीनशब्द्या, तू तर सुधारलास!"

"मग बसलाय काय असा? शनिवारी खेळायचंय," कोच म्हणाले.

शनिवारी तो खेळला आणि पहिल्याच झेलाला पुन्हा आपटला. त्यानंतर त्याला डावे-उजवे उमजेना. चाली तर पार पुसल्या गेल्या. सर्वांसमोर कोच विचारीत, "लेका, वाचता तरी येतं का तुला?" दोन आठवड्यांत फळ्यावर दुसरे नाव लागले आणि वह्यावाले त्या नव्या पोराला पाहू लागले.

नोव्हेंबरात मिस वर्लीन एल्वनला घेऊन कोचना भेटायला आली. मी डेलच्या टेबलावर होते. माझी तपासणी होऊन 'हेल्मेट निर्दोष' अशी चिठ्ठीही आली होती. कीनन गुडघ्यावर बर्फ धरून कोपऱ्यात बसला होता.

"परवा हा मला फोनवर तीनदा विचारतो, ममा, डॅडी जेवले का," ती म्हणाली. "याच्या डॅडींना जाऊन सहा वर्षं झाली, कोच."

कोचनी नम्रपणे ऑगस्टचा कागद पुढे सरकवला. "मिसेस गिलोरी, आम्हालाही वाईट वाटतं हो. पण हे बघा. एकही सामना झाला नव्हता, तेव्हा बारापैकी तीन. काल चार. तो आला तेव्हाच असा होता."

"असा होता? वर्गात पहिला यायचा माझा मुलगा!" ती एल्वनकडे वळली. "सांग ना यांना, बाळा. मुद्दाम चुकवलंस ना? तूच मला हसत हसत सांगितलं होतंस."

डेलने कपाट उघडून त्यात तोंड घातले. कीननचा शेवटचा सामना शनिवारी होता. तो बर्फाकडे पाहत राहिला.

एल्वनने कागद हातात घेतला. बराच वेळ तो ते आकडे पाहत होता. 

"नाही गं ममा," तो हळूच म्हणाला. "मला असं काही आठवत नाही. मी असेन असाच. तू भांडू नकोस ना यांच्याशी."

कोचनी कागदाची घडी घातली. जाताना मिस वर्लीनने माझ्यावर हात ठेवला. "हे तरी नेऊ का? आठवण म्हणून?"

"माफ करा, ते संघाचं आहे," कोच म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपायला कपाट आहे, पॉलिश आहे, दरवर्षीची तपासणी आहे. एवढेच सांगते, की त्या दिवशी त्या खोलीत, त्या आईखेरीज, खरे काय ते ठाऊक असलेले आणखी तिघेजण होते. डेल, कीनन आणि मी. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.