पॉइंट सात

संजयनं मोबाइलमधला फोटो वहिनीच्या नाकासमोर धरला. हरभरा उगवला होता, पण स्प्रिंकलरच्या दर दोन नोझलांच्या मधोमध कोरडा पट्टा. तरण्या नवरदेवाला टक्कल पडावं तसा.

"तुह्या कम्प्युटरनं सांगतलं, तीन-तीन पाइपांच्या अंतरावर नोझल लाव. म्या लावला. आता पाहा."

निकितानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बारावी कॉमर्स, लग्न, दोन पोरं, आणि मग मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेलं प्रोग्रामिंग. मोटरचा जोर टाकला की पाणी कुठवर पडेल ते तिचा प्रोग्राम सांगायचा. स्वतःच्या वावरात त्यानं बरोबर सांगितलं होतं. दिराची मोटर मोठी, तिथं तो तोंडावर पडला.

"अर्धं वावर बाकी हाय. परवा पाणी सोडतो. तोवर खरं सांग, नाही तं मी आपल्या अंदाजानं लावतो. अन् मंग तुहं ते ॲप मारेगावात कोनाले दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती यवतमाळला गेली, कुंदा मॅडमकडे. मॅडम फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि निकिताची प्रोग्रामची वही वाचली.

"सूत्र बरोबर आहे. पण शेवटी पॉइंट सातनं गुणलंयस. तो कुठून आला?"

"बसवला, मॅडम. सूत्र पाणी लईच लांब फेकत होतं. नऊ करून पाह्यलं, आठ करून पाह्यलं, सातनं जमलं."

"जमलं?"

"आमच्या प्रोग्रामिंगमध्ये असंच असते. चाललं की कोणी हात लावत नाही."

"म्हणजे घरच्या भाजीचा मिठाचा चमचा गावजेवणाच्या कढईला लावलास," मॅडम म्हणाल्या. "थेंब जितका जोरात, तितकी हवा त्याला जास्त अडवते. एकच आकडा सगळ्या मोटरींना कसा पुरेल?"

मग त्यांनी तीन पानं भरून गणित मांडलं. त्यात लांब मानेची एक आकडी पुन्हा पुन्हा येत होती. निकिताला रडू फुटायचंच बाकी होतं. दोन वर्षं रोज पहाटे उठून शिकली, आणि एवढ्याशा आकडीनं तिला पुन्हा पहिलीत बसवलं!

"मले नाही जमत हे."

"ती इंटिग्रलची आकडी सोड. थेंब एक क्षण पुढं सरकव. हवेनं वेग किती खाल्ला ते वजा कर. पुन्हा सरकव. जमिनीला टेकेपर्यंत."

"हे तं लूप आहे!"

"मग तेच लिही."

ते अर्ध्या तासात झालं. पण हवा किती खाते, तो आकडा कुठून आणायचा?

"मोजावा लागेल."

"म्हणजे पुन्हा पॉइंट सातच की!"

"तो तू बसवला होतास. हा मोजायचा."

तिसऱ्या दिवशी सकाळी संजयच्या वावरात तिनं नोझलपासून दर दोन फुटांवर तेलाचे रिकामे डबे मांडले. मोटर सुरू झाली, आणि डब्यांच्या आधी तीच भिजली.

"वहिनी, कायची पूजा मांडली?" संजय बांधावरून ओरडला.

शेवटच्या ओल्या डब्यापाशी वाकून तिनं अंतर टिपलं, ओट्यावरच्या लॅपटॉपमध्ये टाकलं, त्यावरून हवेचा आकडा काढून लूप फिरवला.

"दोन पाइप," ती म्हणाली. "तीन नाही."

"दोनच? मले तं पयल्याच दिवशी तसं वाटलं होतं."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू कम्प्युटरवाली न!"

निकितानं ओला पदर पिळला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि उरलेल्या डब्यांतलं पाणी मोजायला पुन्हा पाण्यात शिरली.