मयताचे नाव

"तू?" अभिमनराव देवरेंच्या हातातला पेन गळून पडला.

कारण दारात चिंधा उभा होता. सकाळी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गुदमरून मेलेला, हजेरीपटावर नाव असलेला चिंधा. त्याच्याच मृत्यूचा अहवाल अभिमनराव लिहीत होते.

"मी मरेल नही शे, आबा," चिंधा म्हणाला. "मना धाकला भाऊ गया. भिकन. माले ताप व्हता, तो मना जागावर उतरना." एवढं बोलून तो उंबऱ्यातच मटकन बसला आणि ढसाढसा रडू लागला. मागे भिकनची बायको कुंदाबाई उभी होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

अभिमनरावांना घाम फुटला. का, ते त्यांनाच ठाऊक! मलनिस्सारण मंडळात ते एकसष्ट साली कारकून म्हणून चिकटले, आता एकोणनव्वदला कर्मचारी अधिकारी होते आणि चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. भरती, बढती, रजा, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. पारोळ्यापासून चाळीसगावपर्यंतची माणसं त्यांनी कामाला लावली होती. बारा वर्षांपूर्वी एका कामगाराची बायको बाळंतपणात अडली, रजा शिल्लक नव्हती, तेव्हा त्यांनीच मुकादमाला सांगितलं होतं, "घरातला कोणी पाठवू दे. हजेरी याचीच मांड." माणसाची नोकरी वाचली. मग तीच रीत पडली, आणि लोक म्हणू लागले, आबा म्हणजे देवमाणूस. कसला देवमाणूस आलाय!

"भिकन किती वेळा उतरला होता?" त्यांनी विचारलं.

"सात वरीस, आबा. ज्यानं खाडं, त्याना जागावर भिकन. बठ्ठास्ना, सगळास्ना जागावर तोच."

सात वर्षं! दोनशे माणसं नावानिशी ओळखणाऱ्या अभिमनरावांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

चिंधाने डोळे पुसले आणि हात जोडले. "आबा, कागदवर माले मरेलच राहू द्या. मनी बायकोले मयतानी जागा भेटी, वारस म्हणीसन नोकरी. तिना नाववर कुंदा काम करी. पोरं जगतीन."

 अभिमनरावांनीच पाडलेली वाट होती ही, आणि जिवंत माणूस त्या वाटेने स्वतःला मारून घ्यायला निघाला होता.

"नही," कुंदाबाई पहिल्यांदाच बोलली. "सात वरीस दुसरास्नं नाव लाई उतरना तो. मरना तरी दुसरास्ना नाववर का? त्यानं नाव ल्हिवा, आबा. मंग जे व्हई ते व्हई."

"अवं, मंग तुले काहीच भेटावं नही!" चिंधा ओरडला.

ते खरंच होतं. भिकन नावाचा कामगार मंडळाकडे नव्हताच. तर त्याची विधवा तरी कुठून असणार?  अभिमनरावांनी जुना अहवाल फाडला आणि नवा लिहिला. 'मयत भिकन हा माझ्या तोंडी आदेशाने सात वर्षे मंडळाच्या कामावर होता. त्यास कामगार समजावे. दोष माझा आहे.'

अहवाल त्यांनी फोनवरून धुळ्याच्या कार्यालयात वाचून दाखवला. थोड्याच वेळात तिथून मोठ्या साहेबांचा फोन आला. "देवरे, वेड लागलंय का? चौकशी बसेल, पेन्शन जाईल. ती ओळ खोडा."

"ओळ राहील, साहेब," अभिमनराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कपाटातून त्यांनी कोरं सेवापुस्तक काढलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. कामावर रुजू झाल्याची तारीख कुंदाबाईला सांगता येईना. "मनं लगन व्हयनं, त्याच सालले," ती म्हणाली. त्यांनी साल लिहिलं. मग अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने शाईचं पॅड उघडलं, कामगाराच्या अंगठ्याची चौकट पुढे केली आणि म्हणाले, "हं, इथे."

कुणीच हात पुढे केला नाही. चौकटीवर बोट ठेवून अभिमनराव तसेच बसून राहिले.