ओढली तरी न हलणारी रेघ

मुलांनो, डोळे मिटा आणि जरा कल्पना करा. तुम्ही चाकांच्या खुर्चीत बसून टेबल टेनिस खेळताय. वर्षभरात तुमचे पाय लांब झालेत, पण पाय ठेवायची फळी आहे तिथेच आहे. मग गुडघे वर येणार आणि फटका मारायला पुढे सरकलात की टेबलाच्या कडेवर आपटणार. खारूताईच्या दादाचं अगदी हेच झालं होतं, आणि उद्या त्याचा अंतिम सामना होता.

खारूताई ही त्याची धाकटी बहीण. एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. फळी खाली आणायची तर तिला खुर्चीच्या नळीशी जोडणारी लोखंडी पट्टी लांब हवी. खारूताईची आत्या कारखान्यात यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर काढायची. तिच्याकडून थोडंफार शिकून खारूताईनं पडद्यावर नवी पट्टी काढली, आणि सगळ्यात आधी तिचे कोपरे छान गोल केले.

पट्टी कापण्याआधी, लोखंड कापायच्या मशीनवाल्या काकांनी सहज खुर्चीची नळी मोजली. ती खारूताईच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर जाड निघाली. नळीला मिठी मारणारी कडी मोठी घ्यावी लागणार, म्हणजे तिची टोकं ज्यांत बसतात ती पट्टीवरची भोकंही एकमेकांपासून लांब सरकवायला हवीत. काका म्हणाले, लवकर करा, संध्याकाळी मशीन दुरुस्तीला उघडलं की आठवडाभर सुट्टी.

खारूताईनं ऐटीत नवा आकडा टाकला. क्षणात पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल खुणांचं पेव फुटलं. एक भोक कोपऱ्यात घुसलं, दुसरं कडेबाहेर लोंबायला लागलं. तिचा चेहरा पडला. उद्या दादा हरला तर तो आपल्यामुळेच, असं तिला वाटू लागलं.

आत्या शेजारी येऊन बसली. माउसला हात लावायचा मोह होऊ नये म्हणून तिनं हाताची घडी घातली.

"भोकं कुठून मोजलीस गं?"

"गोल कडेपासून."

"आणि गोलाई आधीच केलीस. अगं, आधी तोंड धुवायचं, मग पावडर लावायची."

खारूताईला हसू फुटलं. तिनं ती पट्टी पुसून टाकली आणि कोऱ्या पडद्यावर सुरुवात केली. आधी मधोमध एक रेघ, आणि दोन्ही भोकं त्या रेघेपासून सारख्याच अंतरावर. भोकांमधल्या अंतराला तिनं नुसता आकडा दिला नाही, 'नळीची जाडी' नावाचं एक माप करून त्याच्याशी ते बांधलं. पट्टीच्या लांबीलाही 'लांबी' असं नाव दिलं. निळ्या रेघा म्हणजे अजून मोकळ्या, काळ्या म्हणजे पक्क्या बांधलेल्या, हे तिला ठाऊक होतं. सगळं काळं झाल्यावर ती उठायला लागली, तशी आत्या म्हणाली, "नुसतं बघू नकोस, ओढून बघ."

तिनं एकेक रेघ धरून ओढली. एकही हलली नाही. मग मुद्दाम आकडा बदलून पडद्यावर नळी जाड केली, बारीक केली. भोकं शहाण्यासारखी सरकली आणि लाल खूण एकही आली नाही. कोपरे तिनं अगदी शेवटी गोल केले. खऱ्या मापाचा कागद छापून खुर्चीला लावून पाहिला, तेव्हा काका म्हणाले, "आता कापतो. नाहीतर मशीन घरी जाईल रुसून."

पट्टी अजून कोमट होती तेव्हाच कडीची टोकं भोकांत गेली. हातोडीला कुणी हातही लावला नाही. दादानं खुर्ची सरावाच्या टेबलाखाली घातली. गुडघे अलगद आत गेले. त्यानं मारलेला पहिलाच फटका, बघायला आलेल्या काकांच्या कानाजवळून सुसाटत गेला. काकांनी खाली वाकूनच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दादा जिंकला. चषक मांडीवर घेऊन तो म्हणाला, "खारे, मी अजून वाढणार आहे, सांगून ठेवतो."

खारूताईनं टेप आणली, त्याचा पाय गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजला, आणि आत्याच्या कॉम्प्युटरसमोर बसून 'लांबी'पुढचा आकडा थोडा वाढवून पाहिला.